उजव्या कडेची खुर्ची

सपनाच्या हाताखालच्या माउसचा बाण कॉम्प्युटरच्या पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत सरसर गेला आणि तिथून बाहेर पडला, तेव्हा चांगुणाबाईंनी मांडीवरचं सूप नकळत अंगाजवळ ओढलं. त्यांची खुर्ची टेबलाच्या उजव्याच बाजूला होती. कडेच्या पलीकडे दुसरं काही नव्हतं. त्या होत्या, त्यांचं सूप होतं, सुपात निवडायला घेतलेली तुरीची डाळ होती. बाण गेला तो डाळीतच पडला असावा असं त्यांना क्षणभर वाटलं, आणि त्यांनी खरोखरच डाळीवरून बोटं फिरवली. तेवढ्यात खिडकीकडच्या, म्हणजे डावीकडच्या नव्या पडद्याच्या पार टोकाला बाण उगवला. "आता हा इकडून जाऊन तिकडून कसा येऊन राहिला?" सपना म्हणाली. "पृथ्वी गोल हाय म्हणून," चांगुणाबाई म्हणाल्या. सपना हसली, पण हसताना तिचे डोळे पडद्यावरच होते. तिनं बाण परत डावीकडे नेला. दोन्ही पडदे एकमेकांना खेटून ठेवलेले. मधे बोटभर जागा. पण तिथं गेला की बाण भिंतीला धडकल्यासारखा थांबायचा, आणि उलट्या बाजूला नेला की चांगुणाबाईंच्या दिशेनं निघून जायचा. दोनदा, तीनदा तो असा त्यांच्या अंगावर चालून आला. नवा पडदा डावीकडे का बसला आहे, हे त्या घरात फक्त त्यांना ठाऊक होतं.

पडदा तसा नवा नव्हता. पुनमचंदच्या जुन्या सामानाच्या दुकानात कुणीतरी आणून टाकलेला, वापरलेला, पण चांगला ऐसपैस होता. त्यांच्या मुलानं, रत्नपालनं, काल संध्याकाळी तो जुन्या चादरीत गुंडाळून, मोटारसायकलवर पुढ्यात लेकरासारखा धरून आणला, आणि आज सकाळी तो सेनगावला कॉलेजवर शिकवायला निघून गेला. सासू-सुना दोघीच राहिल्या. सपना तारा जोडायला टेबलाखाली शिरली. तिचं तोंड खोलीकडे होतं, पाठ भिंतीला लागलेली, आणि तोंडात तार बांधायची प्लास्टिकची पट्टी. तिथूनच तिनं सांगितलं, "आई, नवा उजवीकडं ठेवा, जुन्याला चिकटून." चांगुणाबाईंनी पडदा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. उजवीकडे टेबल संपत होतं; तिथं पडदा बसवायचा तर टेबलाला लावून स्टूल ठेवावं लागणार, आणि स्टुलाच्या जागी त्यांची खुर्ची होती. एवढा विचार करायला त्यांना काही वेळ लागला नाही. किंबहुना तो विचार नव्हताच. पाय आपोआप खिडकीकडे वळले आणि पडदा डावीकडे टेकला. सपना बाहेर आली, केसांतलं जळमट काढत म्हणाली, "उजवीकडं म्हणलं होतं ना मी." "तुह्या उजवीकडं ठेवला की मंग. तू खाली बसली व्हतीस इकडं तोंड करून. तुहा उजवा हात खिडकीकडंच व्हता." सपनानं टेबलाखालच्या अंधाराकडे बघितलं, स्वतःचा उजवा हात उचलून बघितला, आणि म्हणाली, "बराबर हाय की. राहू द्या." इतक्या सहज ते पटलं की चांगुणाबाईंना आपल्याच हुशारीची थोडी लाज वाटली, आणि थोडी मौजही.

खरं कारण त्यांच्या उजव्या कानात होतं. गेल्या उन्हाळ्यापासून तो कान हळूहळू मिटत गेला होता, संध्याकाळी एखादं फूल मिटावं तसा, काही न दुखता. त्यांनी जन्मभर नर्सचं काम केलेलं. त्यांनी घड्याळ काढून आधी डाव्या कानाला लावलं, मग उजव्या. डावीकडे टिकटिक होती. उजवीकडे नुसता काचेचा गारवा. मग त्यांनी घड्याळ मनगटाला बांधलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. दवाखान्याला त्या भीत नव्हत्या. त्यांनी जवळा बाजार या गावच्या दवाखान्यात शेकडो म्हाताऱ्यांच्या कानाशी वाकून गोळ्यांचं सांगितलं होतं. ऐकू येत नाही म्हटल्यावर काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. माणसं वाईट वागत नाहीत. उलट चांगलीच वागतात. मोठ्यानं बोलतात आणि थोडं बोलतात. जेवलात का, गोळी घेतली का, पाणी तापलंय. कामाचं तेवढं ओरडून सांगतात आणि बिनकामाचं सगळं गाळून टाकतात. कुणाची मांजर कुणाच्या दुधात तोंड घालून गेली, हे कुणी कुणाला ओरडून सांगत नाही. आणि चांगुणाबाईंना आता, या वयात, तेच पाहिजे होतं.

कारण ते त्यांना नुकतंच मिळालं होतं. त्यांचे यजमान भिवाजीराव गेल्यावर दुपारी घर असं गप्प व्हायचं की फ्रिज बंद पडला तरी दचकायला होई. मग रत्नपालचं लग्न झालं, पण सपनाची नोकरी पुण्याची. ती दिवाळीला आणि उन्हाळ्यात यायची. यंदा तिच्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आणि ती कॉम्प्युटर घेऊन हिंगोलीला आली, राहायलाच. तिचं काम मोठं गमतीचं होतं. आभाळातून काढलेले शेतांचे फोटो यायचे, त्यांतल्या एकेका शेताच्या कडेनं रेघ ओढत जायचं आणि जुन्या नकाशाशी ते ताडून बघायचं. कुठलीकुठली शेतं, नाशिककडची, जळगावकडची. हात रेघ ओढत असायचा आणि तोंड मोकळं असायचं. दुपारची भांडी आवरली की चांगुणाबाई खुर्ची टेबलाच्या उजव्या बाजूला ओढून बसायच्या, मांडीवर काहीतरी निवडायला, सोलायला घेऊन; डावा कान सपनाकडे. आणि सपना मान न वळवता, आवाज न चढवता, स्वतःशीच बोलावं तसं बोलत राहायची. ऑफिसातल्या निताची मांजर मीटिंगमध्ये कशी आली. परभणीला तिच्या वडलांनी पंख्याला तेल द्यायला जाऊन पंखाच कसा उतरवून ठेवला. "हे शेत बघा आई, चपलेसारखं." "हे कुणीतरी चावा घेतलेल्या भाकरीवाणी." ते बोलणं चांगुणाबाईंच्या कानात झिरपत राहायचं, आणि त्यांना वाटायचं, असं शेजारी बसून, समोर बघत, हात चालू ठेवून बोलणं आपण फार पूर्वी कुठंतरी केलेलं आहे.

कुठं ते त्यांना चांगलं माहीत होतं. साखऱ्याला, माहेरच्या गावी, खुरपणीत. बायका शेताच्या या बांधावर, धुऱ्यावर, ओळीनं बसायच्या, जिनं तिनं आपापली पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याची पट्टी, आणि खुरपत खुरपत त्या धुऱ्यापर्यंत जायचं. चांगुणा तेव्हा परकर नेसायची. तिच्या उजव्या हाताला नर्मदेची पात. नर्मदा शेतकऱ्याची पोर, पण घरचं रान इतकं थोडं की तीही दुसऱ्याच्या शेतात मजुरीला यायची. पाणी प्यायला मात्र चांगुणाला ओंजळ धरावी लागायची आणि नर्मदेची आई वरून तांब्या ओतायची. ते तसं होतं, आणि नर्मदा त्या वेळी दुसरीकडे बघत उभी राहायची. पातीत तसं काही नव्हतं. पातीत कोपराला कोपर लागायचं. नर्मदेचा उजवा कान लहानपणी फुटला होता, त्या बाजूनं तिला काही ऐकू येत नसे. जाताना ती चांगुणाच्या उजवीकडे असायची, तेव्हा तिचा चांगला कान चांगुणाकडे. बोलणं अखंड चालायचं. पण त्या धुऱ्यावर पोचून माघारी वळलं की सगळ्या ओळीची उजवी डावी होई. चांगुणा आता नर्मदेच्या फुटक्या कानाशी यायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा चांगुणा अर्धी पात बोलत राहिली आणि नर्मदा नुसती मान हलवत, हसत राहिली, नको तिथं. ते हसणं चांगुणाला सोसलं नाही. त्यानंतर धुऱ्यावर वळलं की ती काहीतरी निमित्त काढून पात बदलून घ्यायची. तुह्या पातीत गवत कमी हाय, मला दे. मला इकडं काटं टोचून राहिले. तिकडं मुंग्या हायती. नर्मदा म्हणायची, "आळशी हायेस तू, चांगे," आणि सरकायची. कानाचं नाव दोघींनी कधी काढलं नाही. एकदा मात्र चांगुणा विसरली होती. मुकादमीण मागे लागली होती, घाई होती, वळली ती तशीच बसली खुरपायला. तेव्हा नर्मदाच उठून आली आणि म्हणाली, "सरक. तुह्या पातीत सावली हाय, मला दे." चांगुणानं वर बघितलं. त्या शेतात झाड नव्हतं. धुऱ्यावर बोरीचं खुरटंसुद्धा नव्हतं. तिला वाटलं, पोरीला ऊन लागलं. पुढं कितीतरी वर्षं, नर्मदा जवळा बाजारला दिलेली आणि चांगुणा तिथंच नर्स झालेली, बाजारच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन नर्मदा दवाखान्यात यायची आणि बाकावर तिच्या उजव्या अंगाला टेकायची, तेव्हा चांगुणा चेष्टेनं विचारायची, "सावलीत बसलीस का?" नर्मदा हसायची. परवाच्या हिवाळ्यात नर्मदा गेली. त्या वाक्याचा अर्थ काही तिनं सांगितला नाही, आणि चांगुणाबाईंनीही तो नीट विचारला नाही.

"योगेश, ऐक ना," सपना फोनवर बोलत होती. फोन तिनं टेबलावर उताणा ठेवला होता, म्हणून पलीकडचा आवाजही खोलीत आला. योगेश म्हणजे तिच्या ऑफिसातला, कॉम्प्युटर बसवून देणारा. "मॅडम, सोपं आहे," तो म्हणाला, "त्याला वाटतंय दोन नंबरचा स्क्रीन उजवीकडं आहे. तुम्ही ठेवलाय डावीकडं. उचला आणि उजवीकडं ठेवा, संपला विषय." "आणि नाही ठेवला तर?" "मग सेटिंगमध्ये जाऊन त्याला सांगावं लागेल. दोन चौकटी दिसतील, एक आणि दोन. दोनला माउसनं धरून एकच्या डावीकडं नेऊन सोडा. पण मी म्हणतो कशाला? पुण्यात चार वर्षं तुमचा उजवीकडंच होता. हात तिकडंच जाणार. सगळं काम उलटं पडेल." "ते बी खरंच हाय," सपना म्हणाली आणि फोन बंद केला. तिनं खिडकीकडच्या पडद्याकडे बघितलं, मग चांगुणाबाईंच्या खुर्चीकडे. तिच्या बघण्यात काही नव्हतं; जागा मोजावी तसं ते बघणं होतं. पण चांगुणाबाई ताडकन उठल्या. कुणी ऊठ म्हणायच्या आधी उठावं, ही त्यांची जुनी सवय. "तू ठेव तुहा पडदा," त्या म्हणाल्या. "मी बसते खिडकीपाशी. डाळीतले खडे तरी दिसतील उजेडात." आणि सपना काही बोलायच्या आत खुर्ची ओढत त्या तिकडे गेल्यासुद्धा. बाहेर सकाळपासून आभाळ भरून आलेलं होतं, राखेच्या रंगाचं, पडायचं ना उघडायचं. उजेड इथं होता तसाच तिथं होता.

स्टूल आलं, स्टुलावर जुनं गणिताचं पुस्तक आलं, त्यावर पडदा बसला. बाण आता शहाण्यासारखा एका पडद्यातून दुसऱ्यात जाऊ लागला, पायरी उतरावी तसा. सपना कामाला लागली. चांगुणाबाई खिडकीपाशी बसल्या, सूप मांडीवर, आणि त्यांचा उजवा कान सपनाकडे. घर एकदम दूर गेलं. बोअरवेलचा पंप नाही, पंख्याची घरघर नाही, कळफलकाची टकटक नाही. डावा कान खिडकीबाहेरच्या रस्त्यानं भरून गेला, एक भाजीवाला, कुणाची तरी जीप. त्यांना वाटलं, एवढं काही वाईट नाही. पोरगी घरात आहे, बाजूनं दिसते आहे, तिचे केस मानेवर आलेत. अजून काय पाहिजे माणसाला? रत्नपाल संध्याकाळी येईल, जेवताना बोलू. डाळीचा एक काळा खडा त्यांनी बाजूला टाकला. मग वर बघितलं तर सपनाचे ओठ हलत होते. ती पडद्याकडे बघून, नेहमीसारखी, बोलत होती. त्या ओठांवरून काहीच कळत नव्हतं, हसण्याचं आहे की कसलं. चांगुणाबाई हसल्या. ओठ थांबले, पुन्हा हलले, आणि या वेळी शेवटाला सपनाच्या भुवया उंचावल्या, म्हणजे काहीतरी विचारलं असावं. "व्हय," चांगुणाबाई म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या, मान हलवत. ती मान हलवता हलवताच त्यांना कळलं की हे हसणं आपण ओळखतो. हे नर्मदेचं हसणं. अर्ध्या पातीतलं, नको तिथलं.

सपनाचा हात माउसवर थांबला होता. तिनं वळून बघितलं, फार वेळ नाही. मग पुन्हा पडद्याकडे तोंड केलं आणि थोडा वेळ काम केलं, की नुसतीच बसली, ते बाजूनं कळलं नाही. चांगुणाबाईंनी डाळीत डोकं घातलं. आता कळलं असेल हिला, त्यांना वाटलं. आता ही संध्याकाळी रत्नपालला सांगेल, तो नांदेडच्या डॉक्टरचं काढेल. ते एक वेळ चालेल, कानाला यंत्र लावलं तर लावलं. पण उद्यापासून ही आपल्याशी मोठ्यानं बोलेल. आई, जेवलात का. गेल्या काही दिवसांतल्या बारीकसारीक गोष्टी त्यांच्या मनात उगाच वर आल्या. चहा आणला की सपना टेबलाला वळसा घालून यायची आणि डाव्या बाजूनं कप द्यायची. जेवायला बसताना ताट उचलून त्यांच्या डाव्या अंगाला यायची. त्यांना वाटायचं, स्वयंपाकघराचं दार जवळ पडतं म्हणून. दार खरं तर दुसऱ्या अंगाला होतं. हे आत्ताच काहून सुचलं आपल्याला, त्यांनी स्वतःलाच विचारलं, आणि ते सोडून दिलं.

सपना उठली. मान एका बाजूला कलती धरून, हातानं चोळत. ती खिडकीपाशी आली, अगदी समोर उभी राहिली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "न्हाई जमत, आई. उजवीकडं बघून बघून मान धरली माझी." "आत्ताच तर ठेवला." "आत्ताच धरली." "पुण्यात चार वर्षं उजवीकडंच व्हता म्हणला ना तो पोरगा?" "तवाच तर दुखणं लागलं मानेला," सपना म्हणाली, आणि पडदा उचलला. गणिताचं पुस्तक खाली पडलं, ते तिनं पायानंच सरकवलं. पडदा पुन्हा डावीकडे, खिडकीच्या अंगाला आला. मग ती बसली आणि योगेशनं सांगितलेल्या त्या दोन चौकटी तिनं उघडल्या. चांगुणाबाई मान लांब करून बघत होत्या. करड्या रंगाच्या, नुसत्या आकडे घातलेल्या दोन चौकटी, शेजारी शेजारी बसलेल्या. एक आणि तिच्या उजवीकडे दोन. सपनानं दोनला धरलं, उचललं, एकच्या डोक्यावरून पलीकडे नेलं आणि डावीकडे टेकवलं. दोघी पुन्हा एकमेकींना चिकटल्या. काही उपटलं नाही, काही तुटलं नाही. फक्त कोण कुणाच्या कुठल्या अंगाला बसलंय ते खरं खरं सांगून टाकलं. बाण जुन्या पडद्याच्या डाव्या कडेपर्यंत गेला आणि अडखळला नाही. खिडकीकडच्या पडद्यात शिरला, तिथं एक चक्कर मारून परत आला. उजवी कड आता बंद होती. तिकडून काही बाहेर पडणार नव्हतं.

स्टूल सपनानं स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. परत येताना तिनं चांगुणाबाईंच्या मांडीवरचं सूप उचललं, डाळ न सांडता, आणि म्हणाली, "उठा आता. इकडं या तुमच्या जागेवर. तिथं ऊन येऊन राहिलं तुमच्या अंगावर."

चांगुणाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. आभाळ तसंच होतं, सकाळपासूनचं, राखेचं. समोरच्या गच्चीवरच्या ओल्या साडीचीसुद्धा सावली पडली नव्हती. उन्हाचा कुठं ठिपका नव्हता. आणि तिथं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून अर्धवट उठलेल्या असताना, त्यांना साखऱ्याचं ते बोडकं शेत दिसलं, एकही झाड नसलेलं, आणि उन्हानं लाल झालेलं नर्मदेचं तोंड. सरक. तुह्या पातीत सावली हाय. म्हणजे तिला ठाऊक होतं. गवत कमी, काटे, मुंग्या, या सगळ्याच्या पाठीमागे काय आहे ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तिनं ते ठाऊक नसल्यासारखं इतकी वर्षं सांभाळलं होतं, चांगुणाला बरं वाटावं म्हणून. आपण तिच्यावर माया करतो आहोत असं चांगुणाला वाटायचं. माया दोन्ही पातींतून चालली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. उलट, आत कुठंतरी हसू फुटलं, आणि ते नर्मदेला सांगावं अशी इतकी जोराची इच्छा झाली की त्यांनी एकदा उजवीकडे बघितलं.

मग त्यांनी खुर्ची उचलली आणि टेबलाच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवली, फरशीवर तिच्या पायांच्या खुणा होत्या तिथंच.

"लई ऊन व्हतं बाई," त्या बसत म्हणाल्या. "डोस्कं तापलं माझं."

"मंग," सपना म्हणाली. तिनं सूप त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि माउसवर हात ठेवला. सवयीनं तिचा हात पहिल्यांदा उजवीकडेच गेला. बाण कडेला आपटून थांबला. ती जीभ चावून डावीकडे वळली. असं दुपारभर होत राहणार होतं, आणखी बरेच दिवस होत राहणार होतं. खिडकीकडच्या पडद्यावर एक नवं शेत उघडलं, वरून पाहिलेलं, त्यातल्या नांगराच्या तासांच्या रेघा कंगव्यानं ओढल्यासारख्या. तिनं त्याच्या धुऱ्यावर बाण टेकवला आणि रेघ ओढायला सुरुवात केली.

"मघाशी हेच सांगून राहिले होते," ती मान न वळवता, आवाज न चढवता म्हणाली. "निताच्या मांजरीला पिल्लं झाली. चार. आणि कुठं झाली असतील, सांगा."

"कुठं?" चांगुणाबाईंनी विचारलं, आणि डाळीत हात घातला.